छोट्या मोटारीची चौकशी

माळवाडी, ता. कराड
१२ नोव्हेंबर १९४६

अक्का,

नमस्कार आधी, काम मागनं. आबा, आई, दोन म्हशी आन् नवी रेडी, समदी खुशाल हायती. दाजींना दंडवत सांग.

आता काम. भाऊबीजेला तुझ्याकडनं निघाल्यावर मी जरा सांगलीत फिरलो. गणपतीच्या देवळामागं एक बोळ हाय. तिथं पांढऱ्या घराच्या फाटकात एक बारकी मोटार हुबी हुती. दोन दारांची, बाटलीसारखी हिरवी. म्होरं दोन माणसं बसतील, मागं एखादं पोतं न्हाईतर कडंवरची पोरं. काचेवर चिठ्ठी लावलेली, ‘विकणे आहे’. अक्का, मी इटलीत दोन वर्षं तीन टनी लॉरी चालवली, पण ती सरकारची. ही बघितली आन् वाटलं, ही आपल्याला परवडंल. पलटणीतनं सुटताना मिळालेलं पैसं अजून हातात हायती.

दाजी गिरणीत फिटर. त्यांच्याइतका कान कुणाला? तवा त्यांनी सकाळच्या पारी, इंजिन गार असताना जावं. म्होरनं हँडल फिरवल्यावर इंजिन कितव्या फेऱ्याला घेतं ते बघावं. धूर निळा का पांढरा ते बघावं. ब्रेक दाबल्यावर कुठल्या अंगाला वडती ते बघावं. आन् मोटार आवडली असं तोंडावर दावू नये.

कशाला पायजे म्हणशील, तर आबांचं गुडघं धरल्यात. त्यास्नी बैलगाडीचा धक्का सोसत न्हाई. पण आबास्नी यातलं अक्षर कळू दिऊ नगंस. तुझी पत्रं मीच वाचून दावतो, तवा तू बिनघोर लिही. माघ लागायच्या आत सौदा व्हायला पायजे.

तुझा
मानसिंग


माधवनगर
२४ नोव्हेंबर १९४६

चिरंजीव मानसिंग यास थोरल्या बहिणीचे आशीर्वाद, आणि एक कानपिचकी राखून ठेवली आहे.

तुझ्या दाजींची या महिन्यात दुसरी पाळी आहे. सकाळी ते झोपतात ते भोंग्यालाही उठत नाहीत. म्हणून मीच गेले. तू म्हणशील अक्काला मोटारीतलं काय कळतं? काही नाही. पण तू सांगितलेलं सगळं कागदावर लिहून नेलं होतं.

मोटार मनुबाई नावाच्या नर्सबाईंची आहे. वय साठीच्या पुढे, उंच, डोक्यावर पदर आणि पायात पुरुषी बूट. माहेर खटावाकडचं, मेंढरं राखणाऱ्या घरातलं. चौदाव्या वर्षी विधवा झाल्यावर मिरजेला जाऊन दाईचं काम शिकल्या आणि पुढे सांगलीच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडे तीस वर्षं राहिल्या. डॉक्टर वारले तेव्हा त्यांनी मोटार बाईंच्या नावे केली. बाई ती स्वतः चालवत. खेड्यापाड्यांतली बाळंतपणं त्यांनी या मोटारीतून जाऊन केली. आता नजर अधू झाली म्हणून विकायची आहे.

मी कागद काढला आणि विचारलं, “धूर निळा येतो का पांढरा?”

बाईंनी कागद ओढून डोळ्यांशी धरला. “कुनी लिहून दिलंय?”

“भावानं. मिल्ट्रीत ड्रायव्हर होता.”

“त्यो कुठं हाय?”

“घरी, कराडकडे.”

“मोटार त्येला पायजे आन् बघायला बहिणीला धाडलंय. बस.”

मी ओसरीवर बसायला निघाले, तर म्हणाल्या, “तिथं न्हवं. मोटारीत.”

मानसिंग, मी आयुष्यात कधी मोटारीत पुढे बसले नव्हते. बाईंनी हरिपूरच्या रस्त्याला गाडी घातली. दोन्ही बाजूंना चिंचा, मध्ये ऊन-सावली आणि आपण त्यातून सुळकन चाललोय. एक टांगेवाला बाजूला झाला आणि त्यानं चक्क सलाम केला. मला हसूच आवरेना.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं: हँडल तिसऱ्या फेऱ्याला घेतं. धुराचा रंग बघायचा राहिला, कारण मी पुढे बसले होते. ब्रेकचं नक्की सांगता येत नाही. बाई किंमत सांगत नाहीत. म्हणतात, घेणारा माणूस कसा आहे ते कळल्याशिवाय बोलायचं नाही. मला परत जावं लागेल.

आता कानपिचकी. आबा दसऱ्याला कराडच्या बाजारात चालत गेले आणि चालत आले, हे आईनंच मला सांगितलं. त्यांचे गुडघे महिन्याभरात असे कसे धरले? आणि वडूजला स्थळ बघायला गेला होतात ना? त्याबद्दल तुझ्या पत्रात एक शब्द नाही.

तुझी
अक्का


माळवाडी
३ डिसेंबर १९४६

अक्का,

पत्र पोचलं. तुला चौकशीला धाडलं, तू हरिपूरला फिरून आलीस. बरं झालं, हवा खाल्लीस.

गुडघ्यांचं म्हणशील तर दुखणं काय सांगून येतंय व्हय? थंडीचं धरल्यात. आबा बोलत न्हाईत एवढंच.

बाईस्नी सांग, माणूस चांगला हाय. अपघात एक न्हाई, रिपोर्ट एक न्हाई. आमचा मेजरसाब डोंगरातल्या रस्त्याला माझ्याच गाडीत झोपायचा. पेट्रोलच्या रेशन-कुपनाचं मी इथं बघतो. तू किंमत तेवढी काढ. आन् धूर बघ. धूर लय महत्त्वाचा, निळा म्हंजी इंजिन तेल पितंय.

ऊस तोडीला आलाय. गुऱ्हाळ सुरू हाय. काकवी धाडतो.

मानसिंग


माधवनगर
२० डिसेंबर १९४६

प्रिय मानसिंग,

काकवी मिळाली. दाजींनी भाकरीशी खाल्ली, शेजारच्या धोंडुबाईंना वाटीभर दिली.

मोटारीचं थोडं थांबावं असं मला वाटतं. मी आतापर्यंत चार रविवार जाऊन नीट तपासणी केली आणि मोटारीत बऱ्याच खोडी आहेत. हॉर्न शेळीसारखा ओरडतो. डावं दार जोरात लावलं की उजवं उघडतं. थंडीत चोक अर्धा ओढावा लागतो, पुरा ओढला तर पेट्रोल चढतं आणि मग दहा मिनिटं गप्प बसावं लागतं. दुसऱ्या गिअरमधून पहिल्यात येताना क्लच दोनदा दाबून डबल क्लच केला नाही तर दात खाते. आयर्विन पुलाच्या चढावर पुढे बैलगाडी असली तर अर्ध्या क्लचवर धरून ठेवावी लागते आणि पायाला गोळा येतो. धूर मात्र पांढरा आहे, तोही सुरुवातीला थोडासाच.

अशी मोटार घाईनं घेऊन काय करायचं? संक्रांत होऊ दे. बाईही घाईत नाहीत. मी आणखी दोन-तीन रविवार जाऊन बघते.

वडूजचं तू याही पत्रात लिहिलं नाहीस.

अक्का


माळवाडी
२८ डिसेंबर १९४६

अक्का,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. अर्ध्या क्लचवर धरल्यावर पायाला गोळा येतो, ह्ये तुला कसं कळलं? कुणाच्या पायाला आला? मी सहा महिनं ट्रेनिंगला हुतो तवा मला डबल क्लच जमला. तुझं काय चाललंय ते तू सांग.

आन् आता माझंबी सांगतो. गुडघं खोटं. आबा परवा नारळीवर चढायला निघालं हुतं.

खरं ते वडूजचं. दिवाळीनंतर आबा, लालासाहेब काका आन् मी गेलो. पोरगी बाळासो मास्तरांची, राही नाव. मराठी सातवी पास. घर साधं, दारात चार शेळ्या, भिंतीला फळा टांगलेला. भाऊबीजेहून आल्यावर मी काकांपुढं त्या मोटारीचं लय कौतुक केलं हुतं, एवढाच माझा गुन्हा. मास्तरांनी इचारलं, “मुलगा आता काय करतो?” आबा म्हणायला गेलं, “शेती.” तेवढ्यात काका मिशीवर हात फिरवून म्हणालं, “आवं मास्तर, आमच्या मानसिंगला बैलगाडीची सवयच ऱ्हायली न्हाई. दारात सोताची मोटार हाय!”

आबांचा चहा बशीतच ऱ्हायला. मास्तर म्हणालं, “मग आज मोटारीनं न्हाई आलात?” काका म्हणालं, “पेट्रोलचं कुपन संपलंय.”

मी तवाच बोलायला पायजे हुतं. पण राही सुपारी घिऊन आली. तिनं मान वर केली आन् सरळ मलाच इचारलं, “मोटारीत मागं किती माणसं बसत्यात?”

अक्का, कुठली पोरगी बघायच्या कार्यक्रमात असं इचारती? मी म्हणालो, “दोन.” मंग म्हणालो, “बारकी असली तर तीन.” झालं. काकांचं खोटं मी माझ्या तोंडानं पक्कं केलं. परत येताना आबा सारा रस्ता माझ्याशी बोललं न्हाईत.

मास्तर माघात घर बघायला येणार. दारात मोटार नसली तर काय सांगू? स्थळं छप्पन मिळतील, पण मला हीच पायजे. तवा हॉर्न शेळीवानी ओरडू दे न्हाईतर गाढवावानी, मोटार घे. किंमत इचारू नगंस, दिऊन टाक. मी मनीऑर्डर करतो.

तुझा भाऊ
मानसिंग


माधवनगर
४ जानेवारी १९४७

मानसिंगा,

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग लगेच लिहायला बसले. दोघांनीही एकमेकांना फसवलं, तेव्हा माझंही ऐक.

गोळा माझ्याच पायाला आला होता.

पहिल्या भेटीनंतरच्या रविवारी मी गेले, तेव्हा बाईंनी उजवीकडचं दार उघडलं आणि म्हणाल्या, “आज तू इकडं बस.” मी नको नको म्हटलं. त्या म्हणाल्या, “माझी नजर गेलीया, तुझी हाय. रस्ता तू बघ, बाकीचं मी सांगते.” पहिल्या दिवशी मोटार अकरा वेळा बंद पडली. त्याच्या पुढच्या रविवारी एका म्हशीसमोर मी हॉर्नऐवजी “हैक हैक” असं ओरडले. त्याच्याही पुढच्या रविवारी हरिपूरपर्यंत गेले. संगमावर उतरून नदीत पाय धुतले आणि परत आणली, बाईंनी एकदाही हात लावला नाही. त्या दिवशी घरी येऊन मी भाकऱ्या थापत होते आणि पाय चुलीपुढे आपोआप क्लच दाबत होता.

धोंडुबाईंनी मला पुलावर पाहिलं आणि तुझ्या दाजींना सांगितलं. दोन दिवस ते जेवून उठले की थेट गिरणीत जात. मला वाटलं, आता संपलं. तिसऱ्या दिवशी गिरणीतून तेलाची पिचकारी घेऊन आले आणि म्हणाले, “उजव्या दाराची बिजागरी सैल असंल. चल, दाव मला.”

म्हणून मी तुला थांबवत राहिले. मोटार विकली गेली असती तर माझे रविवार गेले असते. चुकले. पाठचा भाऊ वाट बघत होता आणि मी बारीकसारीक खोडी शोधत बसले होते. मला माफ कर.

पण तुझ्या मनीऑर्डरीचं ऐक. बाई मोटार तुला द्यायला तयार आहेत, किंमतही रास्त सांगितली. माघाच्या आत ती तुझ्या दारात उभी राहू शकते. आणि मास्तर येऊन बघून समाधानानं परत जातील. मग ती पोरगी नांदायला येईल. काकांनी आधी सांगितलं आणि मोटार नंतर आली, हे तिला कधीतरी कुणीतरी सांगेलच, बहुतेक काकाच सांगतील, हसत हसत. त्या दिवशी तू कुठे बघशील?

चालवायची हौस आहे म्हणून घेत असलास तर मी आज बाईंच्या हातावर पैसे ठेवते. खोटं झाकायला घेत असलास तर नाही. आधी वडूजला जा. मास्तरांना सांग, मोटार नाही. परत येऊन मला लिही. तोपर्यंत मी सौदा करणार नाही.

अक्का


माळवाडी
९ जानेवारी १९४७

अक्का,

तू बहीण हायस का सुभेदार-मेजर? सहा आठवडं मला झुलवत ठेवलंस, माझ्या मोटारीवर तू शिकलीस, आन् आता मलाच खरं बोलायची परेड! मोटार आधी मी बघितली हुती. वडूजला जायचं का न्हाई ते माझं मी ठरवीन. तू तुझं रविवार सांभाळ.

मानसिंग


माधवनगर
१७ जानेवारी १९४७

मानसिंग,

सोबत तिळगूळ आहे. राग गेला नसला तरी खा.

तुझं पत्र आलं त्याला मी उत्तर लिहिणार नव्हते. पण संक्रांतीला जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

दुपारी मी बाईंकडे तिळगूळ द्यायला गेले, तर दारात एक धनगर उभा. मिरजेच्या अलीकडे, माळावरच्या वस्तीवरून पळत आला होता. बायको बनुबाई पहाटेपासून अडली होती. बाईंनी पिशवी उचलली, फाटकापर्यंत गेल्या आणि थांबल्या. मला म्हणाल्या, “अंजना, मला रस्त्याच्या कडा दिसत न्हाईत.”

मी तिळगुळाची पुरचुंडी कमरेला खोचली आणि हँडल मारलं.

रस्ता कसला, गाडीवाट. चाकोरीतून एक चाक वर, एक चाक खाली. धनगर शेजारी बसून वाट दाखवत होता. वस्तीवर पोचलो. बाई आत गेल्या आणि लगेच बाहेर आल्या. “मूल आडवं हाय. हितं व्हायचं न्हाई. मिरजेला न्यायचं.” तिला नवऱ्यानं आणि सासूनं उचलून मागच्या सीटवर घातलं, पाय दुमडून. बाई तिच्याजवळ खाली पायांच्या जागेत बसल्या, साठीची बाई, गुडघे छातीला लावून. पोरीची सासू माझ्या शेजारी. ती सारखी खंडोबाचं नाव घेत होती आणि मी एक-दोन-तीन गिअर मोजत होते. प्रत्येक खड्ड्याला मागून ओरडणं ऐकू येई. एकदा मी रडतच म्हणाले, “बाई, माझ्यानं होत नाही.” मागून आवाज आला, “हुतंय. दुसऱ्यात टाक. हळू, पन थांबू नगंस.”

मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. तासाभरानं आतून निरोप आला. मुलगी झाली. आई वाचली, मूलही वाचलं. मोटारीत जागा नव्हती म्हणून तो धनगर वस्तीवरून मिरजेपर्यंत पळत आला होता. त्यानं येऊन मोटारीच्या पायरीवर डोकं टेकलं. मी आपला त्याला तिळगूळ दिला.

परत येताना बाईंनी पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाल्या, “अंजना, म्या मोटार इकायला काढली, कारन वाटलं, आता आपलं काम संपलं.”

मानसिंग, त्यांनी तुला शब्द दिला आहे, त्या मोडणार नाहीत. मोटार तुझी आहे, तू म्हणशील तर. पण मी हात जोडून मागते. तू ती घेऊ नकोस. तू मोठा मोटारवाला आहेस, तुला दुसरी मिळेल. मी हे थोरली म्हणून सांगत नाही, मागते आहे.

तुझी
अक्का


माळवाडी
२ फेब्रुवारी १९४७

अक्का,

तिळगूळ खाल्ला. तुझं पत्र आबा आन् आईपुढं वाचलं, काहीबी न गाळता. आई रडली. आबांनी पागोटं काढून मांडीवर ठिवलं आन् म्हणालं, “परत वाच.” परत वाचलं. मंग माझ्याकडं बघून म्हणालं, “आन् तू काय करणार हायस?” दिवाळीनंतर ते माझ्याशी एवढं एका दमात पहिल्यांदा बोललं.

दुसऱ्या दिवशी मी वडूजला निघालो. सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवरची, मागं भट्टी बांधलेली. निम्म्या वाटंत, माळावर, बंद पडली. ड्रायव्हर उतरला, बिडी पेटवली आन् म्हणाला, “आता उद्याच.” मला ऱ्हाववंना. कोट काढला, भट्टीची नळी सोडवली, तारेनं राख काढली, आन् वीस मिनिटांत गाडी सुरू. वडूजला उतरलो तवा तोंड, हात, सदरा, समदं काळं. असाच मास्तरांच्या दारात गेलो.

मास्तर फळ्यावर कायतरी लिहीत हुतं. मी हुब्यानंच सांगितलं, “मास्तर, आमच्याकडं मोटार न्हाई. कवाच नव्हती. काका खोटं बोललं आन् म्या त्यास्नी साथ दिली. घर बघायला या न्हाईतर येऊ नका, पण ह्ये ऐकून या.”

मास्तरांनी खडू खाली ठिवला. तेवढ्यात आतनं आवाज आला, “बाबा, त्यास्नी म्हणावं, मला तवाच कळलं हुतं.”

राही दारात आली. मी म्हणालो, “कसं कळलं?”

“तुमच्या कोटाला बैलाचं क्यास हुतं. आन् सोताच्या मोटारीत किती माणसं बसत्यात त्ये सांगाया कुनी इचार करतंय व्हय? आधी दोन, मंग तीन.”

मास्तर हसाया लागलं. मला हसू इना. मी म्हणालो, “मग तवा बोलला का न्हाई?”

ती म्हणाली, “काकांचा राग न्हाई, त्येंचा सोभाव दिसतोय. तुमी गप बसलात, त्येचा राग हुता. म्हनलं, बघू, मोटार उसनी आनत्यात का खरं सांगत्यात.” मंग माझ्या हाताकडं बघितलं. “ह्ये काळं कशाचं?”

मी गॅसच्या भट्टीचं सांगितलं. तिनं नळी कशी साफ केली ते इचारलं, राख कुठनं काढली ते इचारलं. मास्तर फळा पुसून आमच्याकडं बघत बसलं. शेवटी तिनं तांब्या आन् साबण आणून दिला. अक्का, जमलं. लग्न वैशाखात.

अजून हाय. परत यायला स्टँडवर आलो तर सर्व्हिस मोटारीचा मालक माझी वाट बघत हुता. त्येला कुणी सांगितलं असणार. कराड ते वडूज रोजची फेरी, पगारी ड्रायव्हर पायजे. मी म्हणालो, आबास्नी इचारतो. आबा म्हणालं, “ऊस माझ्यानं बघवंल. तुझं ध्यान न्हाईतरी रस्त्याकडंच असतंय. जा.” एक तारखेपास्नं मी गाडीवर हाय. चोवीस माणसं, वर कोंबड्या, आन् रोज दुपारी वडूज. राहीच्या दारापुढं हॉर्न वाजवायचा न्हाई असा मास्तरांनी दम दिलाय.

तवा त्या हिरव्या मोटारीचं. मला ती पायजे हुती, खोटं बोलत न्हाई, अजून कवा कवा डोळ्यांपुढं येती. पण मी घेत न्हाई. बाईंचा शब्द मी मोकळा केला असं त्यास्नी सांग. मागच्या पत्रात तुला टाकून बोललो, ते मनावर घिऊ नगंस. संक्रांतीचं मी आणिक एकदा एकट्यानं वाचलं. चाकोरीतनं एक चाक वर घिऊन मीबी गेलोय, पण माझ्या मागं दारूगोळा असायचा. माणूस असल्यावर कसं हुतं, त्ये तुला ठावं.

तुझा
मानसिंग


माधवनगर
३० मार्च १९४७

प्रिय मानसिंग,

पाडवा झाला, गुढीला या वर्षी मी मोटारीतून जाऊन कडुलिंब आणला. बाईंनी विकायचं रद्द केलं. आठवड्याचे चार दिवस आम्ही दोघी बाळंतपणांना जातो. मी चालवते, त्या शेजारी बसून रस्त्यातल्या प्रत्येक वस्तीवर कोण कधी जन्मलं ते सांगतात. दाजींनी दोन्ही दारं नीट केली. लायसनही मिळालं. परीक्षा घेणाऱ्या साहेबानं मला थेट बाजाराच्या गर्दीत घातलं आणि स्वतःच डोळे मिटून बसला.

लग्नाला दाजी, बाई आणि मी असे तिघं येतोय, याच मोटारीनं. काकांना सांग, आता खुशाल सांगा, घरात मोटार आहे. फक्त कुणाची ते विचारलं तर पाव्हण्यांना माझ्याकडे पाठवा.

आता खरं सांगायचं ते. परवा आबा इथे येऊन गेले. पत्रिका द्यायला म्हणाले, पण पत्रिका पोस्टानं आधीच आली होती. जेवले, दाजींशी उसाच्या भावाचं बोलले. माझ्याशी मोटारीचं अक्षर नाही. मीही काढलं नाही. तुला आठवतं, सातवीनंतर मला पुढे शिकायचं होतं, तेव्हा ते जितकं बोलले होते, तितकंच. म्हणजे काहीच नाही.

संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं म्हणाले. मी म्हटलं, “आबा, स्टेशनवर सोडते.” त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या दारात उभ्या मोटारीकडे. पुढे येऊन बसले. पागोटं छताला लागत होतं म्हणून काढून दोन्ही हातांत धरलं. मी पहिला गिअर टाकायला गेले, तो तिसरा पडला. मिरजेच्या दिवशीही अशी चूक झाली नव्हती. रस्ता ओळखीचा, पण मला तो दिसतच नव्हता. गिरणीची पाळी सुटली होती. माणसं वळून वळून बघत होती, की म्हातारा बसलाय आणि बाई चालवतेय. आबा सरळ समोर बघत होते. तिकीटघराच्या अलीकडे रस्ता एकदम उजवीकडे मोडतो, तिथे मी जरा जोरात घेतली, तेव्हा त्यांचा एक हात दाराच्या कडीला गेला. तेवढंच.

स्टेशनवर उतरले. तिकीट काढलं. गाडी आली, चढले, खिडकीशी बसले. मी खाली उभी. गार्डानं शिट्टी दिली. गाडी हलली, तेव्हा त्यांनी पागोटं डोक्यावर ठेवलं, खिडकीतून वाकले आणि म्हणाले,

“अंजे, त्या मोडणावर जरा हळू घेत जा.”

मी हो म्हटलं की नाही, त्यांना ऐकू गेलं की नाही, ठाऊक नाही. गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभी होते. मग येऊन मोटार सुरू केली आणि परत येताना ते वळण इतकं हळू घेतलं, इतकं हळू, की मागून आलेली एक कडब्याची गाडी मला वळसा घालून पुढे निघून गेली. गाडीवान म्हणाला, “बंद पडली काय, बाई?” मी म्हटलं, “नाही हो. चालू आहे.”

तुझी
अक्का